दहा संगणक की दोन? यू-डायसच्या फॉर्मवर सही करू का?

शिवणयंत्र
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज वेगळं विचारायचं आहे आणि सोमवारच्या आत ठरवायचं आहे, म्हणून थोडी घाई.

नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर आमचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ८६. मुलगी सहावीत आहे आणि यंदा शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. यू-डायस म्हणजे सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेकडून घेतं ती माहिती. ती भरून झाली की छापील प्रत समितीपुढे ठेवून अध्यक्षाची सही घ्यायची, अशी आमच्या शाळेची पद्धत. काल शाळेच्या मॅडमनी प्रत दिली. मी ती घरी आणली आणि रात्री मशीनवरचं काम आटोपल्यावर पूर्ण वाचली.

त्यात लिहिलंय: संगणक एकूण १०, चालू स्थितीत १०.

खोलीत दहा आहेत हे खरं. २०१४ ला आले होते. चालतात दोन, आणि त्यातलाही एक सुरू व्हायला पंधरा मिनिटं घेतो. आठांवर चादर टाकून ठेवली आहे. माझ्या मुलीला माऊस धरता येतो तो मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसली म्हणून.

मॅडमना विचारलं. बाई चांगल्या आहेत, दोन-दोन वर्ग सोबत घेऊन शिकवतात. म्हणाल्या, "ताई, मागच्या वर्षीही दहाच होते. आता दोन लिहिले तर आठ कुठे गेले म्हणून विचारणा होईल, आणि तालुक्याची टक्केवारी आपल्यामुळे पडेल."

सही करू का? नाही केली तर मॅडमना त्रास होईल का? आणि दहा लिहिल्यानं आमचं नेमकं बिघडतं काय, हे कोणी समजावून सांगेल का?

तर्रीपोहे
काहून करता जी सही? दोन चालतात तर दोन लिहा. खरं लिहायले कोणाचं भेव?

सदरकर
तर्रीपोहे, बोलायला सोपं आहे. उद्या नोटीस आली तर ती मॅडमच्या नावानं येईल, आपल्या नाही.

बंडल_गुरुजी
ताई, मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. या कागदांशी माझा पंचवीस वर्षांचा संबंध, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ही माहिती गोळा करणं १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून सुरू झालं. तेव्हा नाव होतं डायस. कागदी फॉर्म यायचे. आम्ही गटसाधन केंद्रात सतरंजी टाकून बसायचो, शाळेशाळेचे फॉर्म तपासायचो, सुतळीनं गठ्ठे बांधायचो. माझं या संकेतस्थळावरचं नाव तिथूनच आलं. माध्यमिकची माहिती वेगळी जायची. २०१२-१३ ला दोन्ही एकत्र झाल्या आणि यू-डायस नाव आलं. २०१८-१९ पासून यू-डायस प्लस, म्हणजे सगळं ऑनलाइन. २०२२-२३ पासून तर शाळेचा नुसता आकडा चालत नाही, एकेका मुलाची नोंद करावी लागते. तुमच्या शाळेचा अकरा अंकी क्रमांक २७०९ नं सुरू होत असेल बघा. २७ म्हणजे महाराष्ट्र, ०९ म्हणजे नागपूर जिल्हा. शाळेला काही मंजूर व्हायचं तर या क्रमांकावरूनच होतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. समग्र शिक्षा या शाळांच्या सरकारी योजनेचा वार्षिक आराखडा करताना कोणत्या शाळेत काय कमी आहे हे याच माहितीवरून काढतात. ज्या शाळेपुढे दहापैकी दहा चालू लिहिलंय ती गरजूंच्या यादीत येतच नाही. तुमची शाळा कागदावर श्रीमंत आहे ताई.

माझ्या केंद्रातल्या शाळांत मीही असे आकडे जाऊ दिलेत. मुदत तोंडावर असायची, मुख्याध्यापक म्हणायचा मागच्या वर्षीचंच ठेवा. आज त्याचं वाईट वाटतं.

शिवणयंत्र
गुरुजी, मनापासून आभार. "कागदावर श्रीमंत" हे मी आज घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

माहितीवाला
मी एका पंचायत समितीत संगणकावर हेच काम करतो. तीन गोष्टी सांगतो.

फॉर्ममध्ये "एकूण" आणि "चालू" असे दोन रकाने मुळात यासाठीच आहेत. एकूण दहा आणि चालू दोन लिहिलं म्हणजे आठ चोरीला गेले असा अर्थ होत नाही. आठ कुठे गेले असं विचारलं तर डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, दाखवायचं. नोंद आहे, वस्तू खोलीत आहे, बंद आहे. विषय संपला.

दुसरं, टक्केवारी पडेल ही भीती. जे आकडे छापून येतात ते चालू संगणक असलेल्या शाळांचे असतात, संगणकांचे नाही. दोन चालू असले तरी तुमची शाळा "आहे" मध्येच मोजली जाते. दहाचे दोन केल्यानं तालुक्याच्या त्या टक्क्यात काही फरक पडत नाही. हे मॅडमना जरूर सांगा. आमच्याकडे दरवर्षी दहा मुख्याध्यापक याच भीतीनं येतात.

तिसरं. आठ संगणक दुरुस्त होण्यासारखे नसतील तर निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू रजिस्टरमधून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवा. जुनं रजिस्टरवर उभं असलं की नवीन मागताना "तुमच्याकडे आहे की" हेच ऐकावं लागतं. निर्लेखनाला वेळ लागतो, पण मार्ग तोच.

अंबाझरी_तलाव
माहितीवाल्यांचा दुसरा मुद्दा वाचून डोळे उघडले. देशाचे आकडे मी पाहिले होते. २०२३-२४ ला संगणकाची सोय असलेल्या शाळा ५७.२ टक्के, इंटरनेट असलेल्या ५३.९. पुढच्याच वर्षी, २०२४-२५ ला, ६४.७ आणि ६३.५. वाढ आहे याचा आनंदच आहे. पण ताईंच्या शाळेसारख्या, दहापैकी दोनवाल्या शाळाही त्या टक्क्यांत आहेत, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं.

खडू_फळा
मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे, रामटेककडच्या भागात. धाग्यातल्या मॅडमच्या बाजूनं कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिते.

सरल हे राज्याचं शाळा-माहितीचं पोर्टल २०१५ ला आलं तेव्हा सांगितलं होतं की एकदा माहिती भरली की पुन्हा भरावी लागणार नाही. आज यू-डायस वेगळं, सरलचं विद्यार्थी पोर्टल वेगळं, पोषण आहाराची रोजची नोंद वेगळी, पगाराचं शालार्थ वेगळं, शिष्यवृत्तीचं वेगळं. एकाच मुलाचं नाव मी वर्षात पाच ठिकाणी टंकते. आधारवर "वैष्णवि", जनरल रजिस्टरवर "वैष्णवी", आणि पोर्टल म्हणतं जुळत नाही. तिच्या वडिलांना आधार केंद्रावर पाठवायचं म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी बुडते. आणि आधार जुळलं नाही तर संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, मूल मोजलं जात नाही, म्हणजे शिक्षकाचं पद जायची भीती.

शाळेत नेटवर्क नाही. मी मोबाईल घेऊन टेकडीजवळच्या देवळाच्या ओट्यावर बसते, तिथे दोन कांड्या येतात. वर्गात तेव्हा चौथीतली मोठी मुलगी पहिलीला पाढे म्हणायला लावते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये असं लिहिलंय. माहिती भरणं हे शाळेचंच काम आहे असं म्हणतात. मग ते करायला माणूस द्या.

या धावपळीत मागच्या वर्षीचा आकडा तसाच पुढे जातो. त्यात लबाडी नसते, थकवा असतो.

सदरकर
खडू_फळा ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण मुलागणिक नोंद नको असं कोणी म्हणू नये. २०११ ची पटपडताळणी आठवते का? ३ ते ५ ऑक्टोबर, राज्यभर एकाच वेळी, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी. सुमारे २० लाख मुलं फक्त कागदावर निघाली. त्यांच्या नावानं तुकड्या होत्या, पदं होती, आहार उचलला जात होता. नुसता आकडा विचारला की असं होतं.

खडू_फळा
आठवतं ना. मी तेव्हा नवीन होते, शाईची बाटली माझ्याच हातात होती. आमच्या शाळेत हजेरीतली सगळी मुलं हजर निघाली आणि आम्ही पेढे वाटले होते. नोंद नको असं मी म्हणतच नाही सर. एकदाच घ्या आणि सगळीकडे तीच वापरा, एवढंच मागणं आहे.

वर्धा_रोड
पोर्टलनं खोटं थांबतं असंही समजू नका. २०२५ ला आपल्या नागपुरातच पगारासाठीच्या बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आलं. शेवटी आत भरणारा आणि मंजूर करणारा माणूसच असतो.

बंडल_गुरुजी
खरं आहे. म्हणूनच समितीनं वाचलेला एक कागद मला हजार पासवर्डपेक्षा मोलाचा वाटतो.

वीटभट्टी
मी आणि मैत्रिणी सुटीच्या दिवशी भट्ट्यांवरच्या मुलांना शिकवतो. विषय थोडा बाजूला जातो, पण लिहिते.

दिवाळीनंतर छत्तीसगडमधून आणि मध्य प्रदेशातून कुटुंबं येतात. मूल तिथल्या शाळेच्या पटावर असतं, इथे चार-पाच महिने असतं, पावसाआधी परत जातं. यू-डायसमध्ये आता प्रत्येक मुलाला कायमचा शिक्षण क्रमांक आहे, पेन म्हणतात तो. जुन्या शाळेनं मूल सोडलं म्हणून नोंदवलं आणि नवीन शाळेनं घेतलं नाही की ते नाव पोर्टलवरच्या "ड्रॉपबॉक्स" नावाच्या यादीत पडून राहतं. नवीन शाळेनं तिथून ओढून घ्यायचं. पण जुनी शाळा सोडतच नाही, कारण तिचा पट कमी होतो. मग इथली शाळा वर्गात बसू देते पण नोंद करू शकत नाही, आणि नोंद नाही म्हणून पुस्तक-गणवेशाला अडतं.

मागच्या जानेवारीत एका मुलीसाठी आम्ही तिच्या गावच्या गुरुजींना अकरा फोन केले. अकराव्या फोनला त्यांनी सोडलं. फार भले होते, त्यांना फक्त कुठलं बटण दाबायचं ते माहीत नव्हतं. त्या दिवशी पोरीनं आम्हाला चुलीवरचा चहा पाजला.

सांगायचं हे की तीच व्यवस्था नीट वापरली तर भटकणारं मूल सापडतं. आधी हे शक्यच नव्हतं.

तर्रीपोहे
अकरा फोन! ताई, तुमच्या मैत्रिणींसकट सगळ्यांना माझ्याकडून पोहे. रविवारी या.

फ्रीमाँटकर
मूळचा धरमपेठचा, आता कॅलिफोर्नियात एका शालेय जिल्ह्याच्या कार्यालयात विद्यार्थी-माहितीचंच काम करतो. इथलं सांगतो, तुलनेला उपयोग होईल.

इथे राज्याची कॅलपॅड्स नावाची व्यवस्था आहे. प्रत्येक मुलाला राज्याचा एक क्रमांक. ऑक्टोबरचा पहिला बुधवार हा मोजणीचा दिवस, तुमच्या ३० सप्टेंबरच्या पटासारखा. २०१३ पासून निधीचं सूत्र असं आहे की गरीब घरची, इंग्रजी शिकत असलेली आणि पालनगृहातली मुलं जितकी जास्त, तितका शालेय जिल्ह्याला पैसा जास्त. त्यामुळे एखाद्या मुलाची नोंद चुकली तर थेट रक्कम कमी होते. म्हणून आमच्याकडे नोंदी तपासायला वेगळी माणसं असतात, शिक्षक हे करत नाहीत. खडू_फळा ताईंचं मागणं अवास्तव नाही.

इंटरनेटसाठी ई-रेट आहे, १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून आलेलं. शाळेला जोडणीवर २० ते ९० टक्के सवलत. किती सवलत, हे ठरतं शाळेतली किती मुलं सरकारी जेवण योजनेत बसतात त्यावरून, आणि शाळा खेड्यात आहे की शहरात त्यावरून. म्हणजे जेवणाची नोंद नीट असेल तर इंटरनेट स्वस्त. आणि ई-रेटमधून संगणक घेता येत नाहीत, ते वेगळ्या पैशातून.

इथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. पण आकडा भरताना त्याचं पुढे काय होणार हे शाळेच्या लिपिकालाही माहीत असतं. आपल्याकडे शिवणयंत्र ताईंना ते इथे विचारावं लागलं, याचं मला वाईट वाटलं.

माहितीवाला
फ्रीमाँटकर दादा, आपल्याकडेही पैसा पटाशी बांधलेला आहे, पण कोणी सांगत नाही. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान बघा. ३० पर्यंत पट असेल तर १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यावर एक लाख. ताईंच्या शाळेला ८६ वर २५,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे.

संगणक कक्षासाठी समग्र शिक्षाच्या निकषांत ६.४० लाख एकदा आणि पुढे वर्षाला २.४० लाख, पाच वर्षं. त्याऐवजी स्मार्ट वर्ग असेल तर २.४० लाख आणि वर्षाला ३८ हजार. मिळेलच असं मी म्हणत नाही, मंजुरी आराखड्यातून येते. पण चालू दहा दाखवणाऱ्या शाळेचं नाव पुढे सरकणं अवघड.

खडू_फळा
पाच वर्षं, हा शब्द अधोरेखित करा. सहाव्या वर्षी यूपीएसची बॅटरी कोणी बदलायची? नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत बॅटरी फुगते. आमच्याकडे २०१५ नंतर, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाच्या काळात, गावानं लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला. एका आजीनं कोंबडी विकून शंभर रुपये दिले होते. प्रोजेक्टर आजही चालतो. वीज मात्र बिल थकलं म्हणून दोनदा कापली. २५,००० मध्ये खडू, रजिस्टरं, डागडुजी, साबण आणि वीज कशी बसवायची?

अंबाझरी_तलाव
एक विचारतो. मुलांच्या एवढ्या माहितीचं पुढे काय? माझ्या मुलाच्या शाळेनं अपार आयडीचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचं, संमतीपत्र पाठवलं, "उद्या सही करून आणा" म्हणून. बारा अंकी क्रमांक, आधारशी जोडलेला.

वर्धा_रोड
संमतीपत्र आहे म्हणजे नाही म्हणायचा हक्कही आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २६ सप्टेंबर २०१८ चा आधारचा निकाल आहेच, शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं करता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. मी स्वतः सही केली, पण आधी शाळेत जाऊन दहा मिनिटं विचारून घेतलं. घाईनं घेतलेल्या सहीला संमती कसं म्हणायचं?

शिवणयंत्र
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काल दुपारी शाळेत गेले.

मॅडमना आधी माहितीवाल्या दादांचं टक्केवारीचं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मग आम्ही दोघींनी कपाट उघडून जुन्या प्रती काढल्या. मागची चार वर्षं दहापैकी दहाच. त्याआधीच्या, २०१९ च्या कच्च्या फॉर्मवर पेन्सिलीनं चालू ६ लिहिलेलं, ते खोडून शाईनं १०. ते अक्षर मॅडमचं नव्हे, त्यांच्या आधीच्या सरांचं. म्हणजे तेव्हा सहा चालत होते. त्याच वर्षी चार दुरुस्तीला मागितले असते तर माझ्या पोरीला शिकायला मिळालं असतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मॅडम म्हणाल्या की शाळेचा आराखडा समितीनं करायचा असतो आणि तोही आमच्याकडे मागच्याचीच नक्कल असतो. समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत असं कायद्यात आहे, आमच्यात आहेतही, पण सभेत चहा होतो आणि सह्या होतात.

सदरकर
ताई, एक सुचवतो. नुसता आकडा बदलू नका. समितीच्या सभेत ठराव घ्या की आज संगणक कक्षाची पाहणी केली, एकूण १० पैकी २ चालू आढळले. इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मग विचारणा आली तरी ती एकट्या मॅडमवर येणार नाही. सुरुवातीला मी घाबरवलं होतं, त्याची ही भरपाई.

बंडल_गुरुजी
उत्तम. निर्लेखनाचा प्रस्तावही त्याच सभेत. पत्र दिल्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

तर्रीपोहे
आणि पाहणीले पोरायलेही घेऊन जा. कोणता संगणक चालते ते त्यायले आपल्याहून जास्त माहीत असते.

शिवणयंत्र
आज सकाळी सभा झाली. अकरा जण आले, सात बाया. तर्रीपोहे दादा, तुमचं ऐकून सहावी-सातवीच्या चार मुलांना बोलावलं. त्यांनी एकेक चादर काढून बटण दाबून दाखवलं. आणि एक चालू झाला! वायर सैल होती, सातवीतल्या पोरानं दाबून बसवली. म्हणून ठरावात आणि फॉर्मवर चालू ३ लिहिलं, मॅडमनी पोर्टलवर दुरुस्त केलं आणि मी सही केली. सात निर्लेखनाला, तीनसाठी बॅटरी आणि रॅमची मागणी. सोमवारी मॅडम आणि मी दोघी पंचायत समितीत जाणार आहोत, आवक क्रमांक घेऊनच येऊ.

आता एक व्यवहाराची माहिती हवी. तीन संगणकांना पुरेल अशी यूपीएसची बॅटरी सीताबर्डीला साधारण कितीला पडेल? लोकवर्गणीचे २,३०० सभेतच जमले आहेत.

माहितीवाला
ताई, बॅटरीवरचा एएच (Ah, म्हणजे क्षमतेचा) आकडा आणि यूपीएसचं मॉडेल फोटो काढून मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. उद्या माझं बर्डीला काम आहे, दोन दुकानांत विचारून भाव सांगतो. जुनी बॅटरी टाकू नका, बदल्यात थोडे पैसे कमी होतात.